रात्री अंग भिजतं तेव्हा



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकलात, साहित्य ऐकलंत, शेती आणि सहकारावरची व्याख्यानं ऐकलीत. मी फिजिशियन आहे, तेव्हा मी बोलणार आजारपणावरच. संयोजकांनी मधुमेह, रक्तदाब असे विषय सुचवले होते. मी त्यांना विनंती केली की मला रात्रीच्या घामावर बोलू द्या.

एवढ्याशा विषयासाठी अख्खं व्याख्यान कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. त्याचं कारण सांगतो. पेशंट समोर बसला की खोकला सांगतो, पोटदुखी सांगतो, गुडघे सांगतो. घाम सांगत नाही. तो विचारावा लागतो. आणि विचारला, तरी उत्तर बहुतेक वेळा पेशंट देतच नाही. त्याच्याबरोबर आलेलं माणूस देतं. बायको देते, सून देते, मुलगा देतो. ज्याला घाम येतो तो झोपेत असतो, अर्धवट जागा होतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी ओला अभ्रा उचलणाऱ्याला सगळं माहीत असतं, पण त्याला कुणी विचारत नाही. आज मी त्या माणसाशी बोलायला आलो आहे.

आधी कशाला रात्रीचा घाम म्हणायचं ते ठरवू. मे महिन्यात नागपुरात किंवा ऑक्टोबरात कोकणात, लाइट गेलेली, खिडक्या बंद, अंगाखाली फोमची गादी, अशा वेळी घाम आला तर त्याला मी आजाराचं लक्षण म्हणणार नाही. दोन पांघरुणं घेऊन झोपणाऱ्यालाही घाम येणारच. खोली गार आहे, पांघरूण बेताचं आहे, तरी गंजी किंवा गाऊन बदलावा लागतो, चादर ओली लागते, आणि हे एखाद्या रात्री न होता पुन्हा पुन्हा होतं, तेव्हा डॉक्टरचे कान टवकारतात. म्हणून उकाड्याची शंका असेल तर पहिले दोन-चार दिवस पंखा, पांघरूण, गादी बदलून पाहा. त्यानं थांबलं तर विषय संपला.

पण मुळात रात्रीच का? आपल्या शरीराचं तापमान दिवसभर एकसारखं नसतं. संध्याकाळी ते सर्वांत जास्त असतं आणि पहाटे, साधारण चारच्या सुमाराला, सर्वांत कमी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. शरीर किती गरम ठेवायचं हे तो ठरवतो. झोप लागली की तो आकडा खाली आणतो, आणि जास्तीची उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीकडचा रक्तपुरवठा वाढतो, थोडा घाम सुटतो. हे निरोगी माणसातही होतं. ज्याच्या अंगात संध्याकाळी ताप चढलेला असतो त्याला मात्र बराच मोठा उतार उतरायचा असतो. एकशे एकवरून अठ्ठ्याण्णववर यायचं, तर अंग भिजल्याशिवाय येता येत नाही. म्हणजे पुष्कळदा मध्यरात्रीचा घाम ही संध्याकाळी न मोजलेल्या तापाची खूण असते. आपल्याकडे म्हणतात ना, 'अंगात कसर आहे'? ती कसर कुणी थर्मामीटर लावून पाहत नाही. संध्याकाळी पाच-सहाला पाहा, सकाळी पाहून ती सापडायची नाही.

आता पहिल्या आणि आपल्या देशात सर्वांत महत्त्वाच्या कारणाकडे येतो. क्षयरोग. टीबी.

साठीच्या एक बाई आल्या होत्या. पावसाळ्याचे दिवस होते. तक्रार एवढीच की तोंडाला चव नाही, जेवण जात नाही. मी विचारलं, रात्री घाम येतो का? "छे हो, कसला घाम! पत्र्याचं घर आमचं, उकडतंच." शेजारी सून उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, उशीचा अभ्रा रोज धुते मी. परवा तर गोधडी वाळत घातली." बाहेर चांगला गारठा होता. मग मी वजनाचं विचारलं. वजन कुणी केलेलं नव्हतं, पण सुनेनंच सांगितलं की दिवाळीचे ब्लाउज दोनदा टिपा मारून आत घेतले आहेत. खोकला होता का? होता, 'थोडासा', दीड महिना. बेडका तपासला, टीबी निघाला. सहा महिन्यांच्या औषधांनी बाई बऱ्या झाल्या. मला त्या बाईंपेक्षा त्यांच्या सुनेचं कौतुक वाटतं. तिनं तोंड उघडलं नसतं, तर मीसुद्धा कदाचित भुकेचं टॉनिक लिहून दिलं असतं.

जगात दरवर्षी जेवढे लोक टीबीनं आजारी पडतात, त्यातले साधारण पाव भारतात असतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणं, ही चार लक्षणं टीबीच्या तपासणीसाठी विचारली जातात. ज्याला एचआयव्ही आहे, त्याला यातलं एकही लक्षण असेल, कितीही दिवसांचं असो, तरी तपासणी करायची. मधुमेह्यांमध्ये टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, हे आपल्याकडच्या घराघरांत माहीत असायला हवं. कारण मधुमेहही घराघरांत आहे.

२४ मार्च १८८२ या दिवशी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. पुढे पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या. फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आलेली आपली ही मुलगी बावीस वर्षांचीसुद्धा झाली नव्हती. क्षयानं गेली. जंतू माहीत होता, औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ मध्ये सापडलं, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर छप्पन्न वर्षांनी. तिच्याजवळ जे नव्हतं ते आज तालुक्याच्या दवाखान्यात फुकट मिळतं. मग आज कुणी का जावं? हा प्रश्न मला सोडत नाही.

याचं उत्तर माझ्या मते लाजेत आहे. मुलीचं लग्न ठरायचंय, कळलं तर काय होईल? मुलाला नोकरीवरून काढलं तर? घरात कुणाला टीबी झाला की त्याचं ताट-वाटी वेगळं करायची पद्धत अजून गेलेली नाही. अहो, टीबी ताट-वाटीतून पसरत नाही. तो हवेतून पसरतो, खोकल्यातून पसरतो, आणि तोही मुख्यतः उपचार सुरू होण्याआधी. योग्य औषधं सुरू झाली की थोड्याच आठवड्यांत रुग्णाचा संसर्ग झपाट्यानं कमी होतो. १९५६ मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, चांगली खोली, चांगलं अन्न, विश्रांती. बाकीच्यांना तीच औषधं देऊन त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवलं. दोन्ही गटांतले रुग्ण जवळजवळ सारखेच बरे झाले, आणि घरी ठेवलेल्यांच्या नातेवाइकांना टीबी जास्त प्रमाणात झाला नाही. जगभरची सॅनेटोरियमं हळूहळू बंद झाली त्याला हा आपल्या देशातला अभ्यास मोठं कारण ठरला. जगानं तो मानला. आपल्या स्वयंपाकघरांनी मात्र अजून मानलेला नाही.

तपासणीही आता सोपी झाली आहे. सकाळी उठल्यावर खोलवरून खोकून काढलेला बेडका द्यायचा. थुंकी नव्हे, बेडका. ट्रूनॅट नावाचं यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होतं, बॅटरीवर चालतं, प्राथमिक आरोग्य केंद्रात बसतं. दीड-दोन तासांत जंतू आहे की नाही सांगतं, आणि रिफाम्पिसीन हे मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही हेही सांगतं. उपचार मोफत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकार दरमहा पैसे देतं. आधी पाचशे रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. यातल्या पोषणाला कुणी दुय्यम समजू नका. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांच्या घरच्यांना धान्य, डाळ, दूध पावडर देऊन पाहिलं, आणि त्या घरांमध्ये नवा टीबी होण्याचं प्रमाण ठळकपणे घटलं. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. एक टोल फ्री नंबर लिहून घ्या: १८००-११-६६६६.

आणि एक कळकळीची विनंती. खोकल्यासाठी मेडिकलमधून स्वतःच्या मनानं लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक्स घेऊ नका. ती टीबीच्या जंतूवरही थोडीबहुत चालतात. चार दिवस बरं वाटतं, बेडक्यात जंतू सापडत नाही, आणि निदान महिनाभर पुढे जातं.

आता टीबीच्याच सावलीत लपणारा दुसरा आजार. मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ, रात्री घामानं चिंब, वजन उतरलेलं. चित्र अगदी टीबीसारखं. पण तो लिम्फोमा असू शकतो, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. १८३२ मध्ये लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं, लिम्फोमाच्या एका प्रकाराला आजही त्यांचं नाव आहे. लिम्फोमा कितपत पसरला आहे हे ठरवताना डॉक्टर आजही तीन गोष्टी विचारतात: ३८ सेल्सियसच्या वरचा ताप, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, आणि सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं. साठ किलोच्या माणसाचं सहा किलो, असा हिशेब. 

आपल्याकडे टीबी इतका आहे की गाठ दिसली की 'टीबीच असणार' म्हणून औषधं सुरू होतात. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पण जेव्हा ठरत नाही, तेव्हा तीन-चार महिने वाया जातात, आणि ते दिवस लिम्फोमाच्या रुग्णासाठी मोलाचे असतात. म्हणून गाठ तीन-चार आठवड्यांत गेली नाही, वाढतेय, दुखत नाही पण रबरासारखी लागते, किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर आहे, तर तुकडा काढून तपासायला सांगितल्यावर नाही म्हणू नका. 'गाठीला हात लावला की पसरते' ही समजूत मी रोज ऐकतो. ती खरी नाही. आणि तपासणीच्या आधी कुणी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर ते जरूर सांगा; त्यांनी गाठ तात्पुरती विरघळते आणि तुकड्यात रोग ओळखणं अवघड होतं. हॉजकिन लिम्फोमाचे बहुसंख्य रुग्ण उपचारांनी पूर्ण बरे होतात. हे मी मुद्दाम सांगतो, कारण कॅन्सर हा शब्द ऐकला की घरचे लोक पुढचं ऐकणं बंद करतात.

आता मी सभागृहातल्या माताभगिनींकडे वळतो, आणि पुरुषांनी उठून चहाला जाऊ नये. कारण पुढचं त्यांनी ऐकणं जास्त गरजेचं आहे.

चाळिशीच्या पुढच्या बाईला रात्री घाम येतो त्याचं सर्वांत नेहमीचं कारण टीबी नाही, कॅन्सर नाही. पाळी जाण्याचा काळ. आपल्याकडे सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी थांबते, पण वाफा आणि घाम त्याच्या आधीच, पाळी मागेपुढे व्हायला लागली की सुरू होतात. इस्ट्रोजेन कमी झालं की हायपोथॅलॅमस हळवा होतो. ज्या किरकोळ फरकाकडे तो एरवी लक्षही देत नाही, त्यावर तो घाबरून सगळी दारं उघडतो. छातीतून, मानेतून एकदम वाफ निघते, चेहरा तापतो, दरदरून घाम सुटतो आणि मग थंडी वाजते. रात्रीतून दोनदा-तीनदा. सकाळी पुन्हा साडेपाचला उठून डबे करायचेच असतात.

हे किती दिवस चालतं? 'वर्षभरात जाईल' असं सांगितलं जातं. पुष्कळ बायकांमध्ये ते सात-सात वर्षं चालतं. सात वर्षं अपुरी झोप! मग चिडचिड होते, विसरायला होतं, आणि घरात सगळे म्हणतात, आईचा स्वभाव बदलला. स्वभाव बदललेला नसतो, झोप गेलेली असते. यावर उपचार आहेत. हार्मोनच्या गोळ्या किंवा पट्ट्या आहेत, आणि ज्यांना त्या चालत नाहीत, उदाहरणार्थ स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांना, त्यांच्यासाठी वेगळी औषधं आहेत. कुणाला काय द्यायचं ते तपासून ठरवायचं असतं. पण आधी ती बाई दवाखान्यात तर यायला हवी. 'बाईच्या जन्माला आलं की सोसायचं' हे तिला कुणी सांगितलं? तिच्या आईनं, सासूनं, आणि वाईट वाटतं सांगायला, काही डॉक्टरांनीही.

याच ठिकाणी मला एक फार गंभीर गोष्ट सांगायची आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. पाळीच्या दिवसांत कामावर खाडा पडू नये, उचल फिटावी, अंगावरून जायचा त्रास थांबावा, अशा नाना कारणांनी तिशीतल्या बायकांनी पिशव्या काढून घेतल्या होत्या. चर्चा झाली ती शस्त्रक्रिया का झाल्या याची. नंतर त्या बायकांच्या रात्री कशा गेल्या, त्याची फारशी झाली नाही. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचा काळ काही वर्षांत हळूहळू येण्याऐवजी आठवड्याभरात येऊन आदळतो. घाम, वाफा, पुढे हाडं ठिसूळ होणं. अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकू शकतात. तिशी-पस्तिशीतली बाई दिवसभर उसाच्या मोळ्या वाहते, आणि रात्री कोपीवर घामानं जागी राहते. तिला विचारा, तुमच्या अंडाशयाचं काय केलं? तिला माहीत नसतं. कागद तिच्याजवळ नसतात. म्हणून ज्या घरात कुणाची पिशवी काढली आहे, त्यांनी उद्याच डिस्चार्ज कार्ड शोधून त्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. कार्ड नसेल तर दवाखान्यातून मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

फक्त एक सावधगिरी. पाळी जाण्याच्या वयात आला म्हणून प्रत्येक घाम पाळीचाच, असं धरून चालू नका. सोबत ताप आहे, वजन उतरतंय, खोकला आहे, गाठ आहे, तर तपासणी तशीच व्हायला हवी जशी पुरुषाची होईल. आणि पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावर गेलं, तर एक थेंब असला तरी दाखवायचं.

आता चौथी मोठी गोष्ट. ही बाकीच्यांसारखी आठवडे देत नाही, मिनिटं देते. रात्री शुगर उतरणं.

एक गृहस्थ, मधुमेहाच्या गोळ्या चालू, आषाढी एकादशीचा उपास. दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी दोन केळी. रात्रीची गोळी मात्र रोजची, अख्खी. पहाटे तीनला बायकोला जाग आली तेव्हा त्यांची गंजी पिळून काढावी इतकी ओली, हात गार, आणि ते काहीतरी असंबद्ध पुटपुटत होते. तिला वाटलं, वाईट स्वप्न पडलंय. 'पांडुरंग पांडुरंग' म्हणत तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. थोरल्या मुलाला सुचलं, त्यानं बोटाला सुई टोचून पाहिलं. अठ्ठेचाळीस. सत्तरच्या खाली गेली की शुगर कमी धरायची असते. अठ्ठेचाळीस म्हणजे मेंदू उपाशी.

ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका असतो. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला सहसा नसतो. जेवण टाळलं, उशिरा जेवलं, जास्त श्रम झाले, दारू झाली, मूत्रपिंडं थकलेली असली, तर धोका वाढतो. झोपेत माणसाला छातीतली धडधड कळत नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड दबूनही जाते. पण घाम दबत नाही. शरीराची ती एकच हाक उरते. म्हणून मधुमेह्याच्या बायकोला, मधुमेह्याच्या नवऱ्याला मी सांगतो: रात्री हात लागला आणि अंग गार-ओलं लागलं, तर उठवा. हाक मारा, नाव विचारा.

उठून गिळता येत असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या, पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर चढायला वेळ लागतो. आणि ही बारीक गोष्ट फार जणांना माहीत नसते: गोळ्यांमध्ये व्होग्लिबोस किंवा ॲकारबोस असेल, आणि आपल्याकडे पुष्कळांच्या गोळीत ते असतं, तर साधी साखर नीट काम करत नाही, मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोजची पावडरच लागते. डबा उशाशी ठेवा. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. साखर नाही, पाणी नाही, तीर्थ नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. शुगर वर आली म्हणूनही निश्चिंत होऊ नका. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम दिवसभर टिकतो, ती पुन्हा उतरू शकते. सकाळी डॉक्टरला कळवलंच पाहिजे.

उपास करू नका असं मी म्हणत नाही. माझ्या आईनं आयुष्यभर एकादशी केली. पण उपासाच्या आधी डॉक्टरला विचारा की त्या दिवशी गोळीचं काय करायचं. विठ्ठलाला याचं काही वाईट वाटणार नाही.

आणि एक घाम असा आहे की ज्याच्यासाठी सकाळपर्यंतही थांबायचं नाही. रात्री अचानक गार घाम फुटला, छातीवर दडपण आलं, किंवा जबड्यात, डाव्या हातात, पाठीत कळ आली, श्वास लागला, जीव घाबरा झाला, तर तो हार्ट अटॅक असू शकतो. 'पित्त झालंय, सोडा देतो' म्हणत किती घरांनी तास घालवले आहेत! मधुमेह्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत फारसं दुखतही नाही. नुसता घाम आणि अस्वस्थपणा असतो. ईसीजी काढण्याची सोय असेल तिथे ताबडतोब न्या. पित्त निघालं तर आनंदानं घरी परत येऊ.

बाकीची कारणं भराभर सांगतो. औषधं: नैराश्यावरच्या पुष्कळ गोळ्यांनी घाम येतो, स्तनाच्या कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेननं येतो, स्टिरॉइडनं येतो. रात्री पॅरासिटामॉल घेऊन झोपलं तर ताप उतरताना येतो. गोळ्या परस्पर बंद मात्र करू नका, विचारा. थायरॉइड वाढलं असेल तर दिवसाही घाम येतो, हात थरथरतात, खाऊनसुद्धा वजन उतरतं. जोरात घोरणारा, झोपेत श्वास अडकून दचकणारा माणूस घामानं भिजत असेल तर त्याची झोपेची तपासणी करा. रोज पिणाऱ्यानं एकाएकी दारू सोडली तर पहिल्या दिवसातच घाम, थरथर सुरू होते. त्यापुढे झटके येऊ शकतात, म्हणून ती दवाखान्याच्या मदतीनंच सोडावी. गुराढोरांत काम करणारे, कच्चं दूध पिणारे, शेळ्या-मेंढ्या विताना हात घालणारे धनगर बांधव आणि पशुवैद्य यांना येऊन-जाऊन ताप, सांधेदुखी आणि भरपूर घाम असेल तर ब्रुसेला नावाच्या जंतूची रक्ततपासणी करायला सांगा. डॉक्टरला सुचणार नाही कदाचित, पण तुम्ही 'माझ्याकडे मेंढ्या आहेत' एवढं सांगितलंत तर सुचेल. लहान मुलांचं डोकं झोपेत घामानं भिजतं, ते बहुधा काळजीचं नसतं. पण तान्हं बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल, दमून मध्येच सोडत असेल, तर त्याचं हृदय तपासून घ्या.

मग जायचं कधी? कपडे बदलावे लागतील असा घाम दोन आठवडे चालला, तर जा. सोबत ताप, खोकला, घटतं वजन, गाठ यातलं काहीही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. मधुमेह्याच्या गार घामाला आणि छातीच्या दडपणाला त्याच क्षणी. जाताना आठवडाभराची नोंद न्या: संध्याकाळचा ताप, वजन, कोणत्या रात्री कपडे बदलले. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचे पट्टे न्या, आयुर्वेदिक आणि शेजारणीनं दिलेल्यासुद्धा. आणि रात्री जो शेजारी झोपतो, त्याला बरोबर न्या.

पण ज्याच्या शेजारी कुणीच झोपत नाही, त्याचं काय? या सभागृहातच अशी कितीतरी मंडळी आहेत. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत, जोडीदार गेलेला. वसतिगृहात राहणारी पोरं आहेत. त्यांची ओली चादर उचलणारं कुणी नाही. एकट्या राहणाऱ्या मधुमेह्यानं झोपण्याआधी शुगर पाहावी. शंभरच्या आतबाहेर असेल तर थोडं खाऊन झोपावं, ग्लुकोज हाताशी ठेवावं, घराची एक किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी, आणि सकाळी सातला कुणाचा तरी फोन येईल असं ठरवून ठेवावं. फोन उचलला नाही तर शेजाऱ्यानं दार उघडायचं, हेही आधीच बोलून ठेवावं. आणि तुम्ही जे मुंबईहून, दुबईहून, न्यू जर्सीहून रोज आईवडिलांना फोन करता, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, झोप लागली का असं विचारता, त्याच फोनवर हेही विचारा की रात्री कपडे बदलावे लागले का. ते पहिल्यांदा 'नाही रे' म्हणतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.